मोठ्या नावाचा स्वस्त लॅपटॉप कसा काढावा

(नवशिक्यांसाठी; मुक्काम रोहा)

सगळ्यात आधी रोह्याला या. महाग कंपन्यांची दुकानं वांद्रे-कुर्ला संकुलात असतात हे मला ठाऊक आहे. २०२३ च्या एप्रिलात अ‍ॅपलच्या तिथल्या दुकानाचं दार उघडायला टिम कुक जातीने आले होते. पण तिथे महाग माल महाग कसा विकावा एवढंच शिकायला मिळतं. तुमचं काम त्याहून अवघड आहे. नाव महागच ठेवायचं, माल स्वस्त काढायचा, आणि स्वस्त म्हणून घ्यायला आलेल्याला आपण स्वस्तातलं घेतलं असं वाटू द्यायचं नाही.

रोहाच का? मध्य रेल्वे इथे संपते आणि कोकण रेल्वे इथून सुरू होते. म्हणजे कोकण रेल्वेचं हे सगळ्यात खालचं मॉडेल. बोगदे, मोठे पूल, रत्नागिरीचा हापूस या सोयी पुढच्या स्टेशनांवर, वाढीव तिकिटात. शिवाय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण याच गावात गेलं. त्यांची सही नोटेवर आली तेव्हापासून इथला माणूस नोट हातातून सोडण्याआधी ती दोनदा उलटून बघतो, असा माझा समज आहे. इथे खपलं तर कुठेही खपेल.

धडा पहिला : लाखाच्या आत

बाजारपेठेतल्या कुठल्याही लॅपटॉपच्या दुकानात जून-जुलैत एका कोपऱ्यात उभे राहा आणि गप्प बसा. धाटावच्या एमआयडीसीत पहिली पाळी करून आलेला बाप आणि बारावी झालेली मुलगी आत येतात.

“साठपर्यंतचे दाखवा.”

“साठात भरपूर आहेत, काका. हा बघा, हा बघा.”

काका बघतात. मुलगी बघत नाही. ती काउंटरच्या टोकाला बंद करून ठेवलेल्या एका चंदेरी झाकणाकडे बघते आहे. काकांच्या ते लक्षात येतं. बाप झाला तरी डोळे आहेत त्याला.

“तो केवढ्याला?”

“नव्व्याण्णव हजार नऊशे.”

“म्हणजे लाख.”

“नाही हो काका. लाखाच्या आत.”

इथे वहीत लिहून घ्या. २०२५ च्या मार्चमध्ये अ‍ॅपलने एम-४ चिपचा मॅकबुक एअर भारतात आणला तेव्हा सगळ्यात खालच्या मॉडेलची किंमत ९९,९०० रुपये ठेवली. त्याआधी २०२२ मध्ये एम-२ चा एअर १,१९,९०० ला आला होता. लाखाला कमी ठेवलेले ते शंभर रुपये तुम्हाला फालतू वाटत असतील, तर तुम्ही अजून घरी सांगण्याच्या अडचणीचा विचार केलेला नाही. काकांना रात्री जेवताना बायकोला आकडा सांगायचा आहे. “लाखाच्या आत पडला” हे वाक्य कंपनीने त्यांच्या तोंडात तयार करून दिलं आहे, आणि तेही फुकट.

आता शिडी लावा. तेव्हाच्या खालच्या मॉडेलमध्ये २५६ जीबीची साठवण होती. दुकानदार सहज म्हणतो, “चार वर्षांचा कोर्स आहे ना ताईचा? २५६ पुरायचं नाही.” ५१२ जीबीचा भाव तेव्हा १,१९,९००. बाहेर बाजारात तेवढ्या साठवणीचा तुकडा काही हजारांत मिळतो. इथे वीस हजार. कारण बाहेरचा तुकडा आत बसवता येत नाही, सगळं कारखान्यातच चिकटवून येतं. काकांनी लाखाची वेस एकदा मनात ओलांडली की वीस हजार हा नुसता उतार आहे. साठात घ्यायला आलेला माणूस एक वीसला हिशेब करत उभा राहतो आणि दुकानदार बिनव्याजी हप्त्याचा कागद पुढे सरकवतो. तेव्हा खालच्या मॉडेलचा भाव ठरवताना ते किती विकलं जाईल याची चिंता करू नका. ते दारात उभं करायला असतं, लग्नातल्या त्या चुलत्यासारखं, “या, या, आत या” म्हणायला.

विद्यार्थ्यांना दहा हजारांची सूट द्या. ओळखपत्र मागा. मागितलं की सूट खरी वाटते.

धडा दुसरा : पेणला जा

खरं शिक्षण इथे आहे. सकाळची दिवा मेमू पकडा. निडी, नागोठणे, कासू, पेण. उतरून हमरापूर, जोहे, कळवे या गावांकडे रिक्षा करा. घरटी कारखाना म्हटलं तरी फार चूक होणार नाही. ओट्यावर, पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये, जिथे बघाल तिथे गणपती. बरेचसे पांढरे, बिनरंगाचे. यांना इथे कच्च्या मूर्ती म्हणतात. त्या ट्रक भरभरून बाहेरगावी जातात, तिकडे रंगतात, आणि दादरपासून पुण्यापर्यंतच्या मांडवांवर पाटी लागते : ‘पेणच्या सुबक गणेशमूर्ती मिळतील’. तुमच्या झाकणावरच्या चिन्हाचं काम इथे ‘पेणच्या’ हे एक षष्ठीचं रूप करतं.

आता या मोठ्या नावाने स्वस्त माल कसा काढला ते बघा. शाडूची माती गुजरातेतून यायची. मूर्ती जड, सुकायला वेळ, पावसाळी हवेत तर आणखी, आणि प्रवासात एक सोंड गेली की सगळं गेलं. मग प्लास्टर आलं. रबरी साच्यात ओता, आतून काथ्या लावून मजबुती द्या, काढा. हलकी, पटकन सुकणारी, खाली उतरलेल्या भावाची. आतून पोकळ. त्या पोकळीत काय आहे ते दहा दिवस मखरात बसलेल्या मूर्तीच्या पाठीमागे जाऊन कोणी बघत नाही. (बघतं ते पाणी, विसर्जनानंतर. म्हणून तर प्लास्टर कोर्टात गेलं. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात सोडायची नाही असं सांगून. हा विषय मोठा आहे आणि मला त्यात विनोद सुचत नाही.)

पण डोळ्यांच्या आखणीच्या वेळी मुद्दाम थांबा. रंगकाम बरेच जण करतात. डोळे आखायला ठरावीक माणूस येतो. मी बघितलेला कारागीर मूर्ती मांडीवर घेतो, उजवं मनगट डाव्या हातावर टेकवतो, मोजके केस उरलेला ब्रश काळ्या रंगात बुडवून बशीच्या काठावर निथळवतो. रेघ ओढेपर्यंत श्वास घेत नाही. शेजारी कोणाचा फोन वाजला तरी रेघ पुरी होते आणि मग शिवी. डावा डोळा, उजवा डोळा, मूर्ती उचलून लांब धरायची, मान तिरकी, ठीक. पुढची. ही शाडूची का प्लास्टरची, असं तो विचारत नाही. डोळे दोन्हींना सारखेच.

माती बदलली, साचा बदलला, पाठ पोकळ झाली. डोळ्यांच्या मजुरीला कुणी हात लावला नाही. लॅपटॉपवाल्याने हेच करायचं. झाकणाची धातूची थंडी, पडदा, बोट फिरवायची पाटी हे तुमचे डोळे. तिथे कापू नका. पाठीत कापा. २०२२ च्या एम-२ एअरमध्ये २५६ जीबीच्या खालच्या मॉडेलला साठवणीच्या दोन चिपांऐवजी एकच बसवली होती. जुन्या एम-१ पेक्षाही त्याची वाचायची गती कमी निघाली. चाचणी करणाऱ्यांनी बोंब मारली. काकांनी आणि ताईने? त्यांनी झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

धडा तिसरा : काय करू नये

टाटांची नॅनो काढू नये. गाडी वाईट नव्हती. २००८ मध्ये दिल्लीत दाखवली, २००९ मध्ये बाजारात आली, लाखाची गाडी म्हणून जगभर गाजली. पण सगळी काटछाट डोळ्यांतच दिसत होती : एकच वायपर, एकच बाजूचा आरसा, चाकाला तीन नट, मागची डिकी बाहेरून उघडत नाही. आणि वर नाव पडलं ‘सगळ्यात स्वस्त गाडी’. हे नाव चिकटू दिलं ही चूक झाली, असं रतन टाटांनीही पुढे सांगितलं. स्कूटरवरचं चौघांचं कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून गाडी काढली होती. पण स्कूटरवाल्याला गाडीत बसायचं होतं, स्वस्तात बसलेलं दिसायचं नव्हतं. २०१८ च्या जूनमध्ये महिनाभरात एक नॅनो तयार झाली. एक.

अ‍ॅपलचाही हात इथे एकदा भाजला आहे. २०१३ चा आयफोन ५-सी : रंगीत प्लास्टिकची पाठ, भारतात ४१,९०० रुपये. शेजारी धातूचा ५-एस ५३,५०० ला. म्हणजे प्लास्टिक हातात दिसायचं आणि भाव काही स्वस्त नाही. गिऱ्हाईकाने सरळ वरच्याकडे बोट दाखवलं. बारा वर्षांनी १६-ई काढताना ते शहाणे झाले होते. बाहेरून सभ्य काळा-पांढरा, काच आणि धातू तसेच, मागे एकच कॅमेरा, चुंबकाचं चार्जिंग गायब, भाव ५९,९००. आणि वीस हजार वर साधा १६. वीस हजारांची पायरी त्यांची आवडती दिसते.

धडा चौथा : पाट

हा धडा कंपनीच्या सभेत मोठ्याने वाचू नका.

कोकणात पुष्कळ घरांत गणपतीचा पाट आधीच कारखान्यात नेऊन द्यायची रीत आहे. मूर्ती त्याच पाटावर घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. वर्षानुवर्षं पाट एकाच कारखान्यात. आजोबांनी जिथे दिला तिथेच बाप देतो, तिथेच मुलगा. शेजारच्या गावात दोनशे रुपयांनी स्वस्त आहे म्हणून कोणी पाट उचलून नेत नाही, नेलाच तर वाडीत विचारणा होते, “काय रे, बिनसलं काय?”

स्वस्त लॅपटॉपचा नफा लॅपटॉपमध्ये शोधत बसाल तर नवशिकेच राहाल. ताईचे फोटो, नोट्स, मैत्रिणींचे निरोप, सगळं तुमच्या ढगात जाऊ द्या. पहिले पाच जीबी फुकट. ते भरायला गौरी-गणपती पुरे. मग महिन्याला ७५ रुपये, पन्नास जीबीसाठी. ७५ रुपयांवर घरात चर्चा होत नाही. पुढे फोन त्याच कंपनीचा, नाहीतर फोटो इकडून तिकडे सहज जात नाहीत, मग कानातले, मग चार वर्षांनी पुन्हा लॅपटॉप, तेव्हा ती स्वतः कमावती असेल आणि २५६ मागणार नाही.

काका त्या दिवशी २५६ चाच घेऊन गेले. बायकोला लाखाच्या आत सांगायचं होतं. दुकानदाराने हळहळ दाखवली नाही. बिलावर मोबाईल नंबर घेतला, मुलीला खातं उघडून दिलं, पासवर्ड वहीत लिहायला लावला.

हमरापूरहून परत निघताना शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेले पाट बघून घ्या. एकावर एक, पन्नास-साठ तरी, कडेला जुन्या शेंदराचे डाग. प्रत्येकाच्या मागे खडूने आडनाव घातलेलं असतं.