साधंच, घरचंच

"वहिनी, काही म्हणजे काही करू नका हं. साधंच करा, घरचंच."

पुण्याहून वन्संचा हा फोन वर्षातून एकदा, डिसेंबर सरताना येतो आणि आमच्या वस्तीवर लगीनघाई सुरू होते. त्या श्रीखंड-पुरी करा म्हणाल्या असत्या तर सोपं होतं. श्रीखंड बारामतीहून आणता येतं, पुऱ्या लाटायला शेजारच्या दोघी-तिघी येतात, तासाभरात विषय संपतो. पण साधं म्हटलं की मेलेच मी. साधं म्हणजे ज्वारीची भाकरी, थंडी आहे म्हणून बाजरीचीही, पिठलं, चुलीत भाजलेल्या वांग्यांचं भरीत, मिरचीचा खर्डा, शेंगदाण्याची, कारळ्याची आणि जवसाची अशा तीन चटण्या, गूळ, दही, ताक. आणि हे सगळं ज्याच्या निमित्तानं, तो हुरडा. फोनवर "आम्ही घरचेच आठ-दहा जण" असतात. आदल्या रात्री वन्संच्या सोसायटीतली तीन कुटुंबं त्यात मिसळतात. यंदा सव्वीस माणसं झाली.

भाकरीचं एक बरं नसतं. तिचं पीठ आधी दळून ठेवता येत नाही. फार दिवस झाले की ज्वारीच्या पिठाची विरी जाते. मग कितीही कढत पाणी ओता, थापताना भाकरी परातीतच उन्हाळ्यातल्या रानासारखी भेगाळते. म्हणजे दळण आदल्या दिवशी, आणि तेही गिरणीला लाईट असेल तेव्हा. लाईटच्या वेळा आमच्याकडं मोटारीच्या हिशेबानं ठरतात, पाहुण्यांच्या नाही. यंदा मी रात्री दहाला पायलीभर ज्वारी घेऊन गिरणीत बसले होते. समोर अजून दोघी, त्यांच्याही मांडीवर डबे. विचारलं, "तुमच्याकडं कोण?" एकीकडं मुंबईचे, एकीकडं ठाण्याचे. तिघींनाही साधंच करायचं होतं.

आता हुरडा पार्टीतल्या 'पार्टी' या शब्दाबद्दल. बारामती-इंदापूरकडं पार्टी म्हटलं की माणूस आधी आवाज खाली घेऊन विचारतो, "कुठली?" मधल्या काळात पार्ट्या फुटल्या, घराघरांत दोन तट पडले, पण हुरड्याच्या आगटीभोवती दोन्हीकडची माणसं मांडीला मांडी लावून बसतात. आगटी एकच असते. वारा ज्याच्या तोंडावर धूर नेतो, तो गुपचूप उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसतो. कुणी त्याला विचारत नाही का उठलास म्हणून. आमच्या भागाला ही बैठक पाठ आहे.

खरी अडचण वेगळीच. हुरड्याला ज्वारी लागते आणि आमच्याकडं ज्वारी नाही. आमची वस्ती सणसर आणि लासुर्ण्याच्या मध्ये, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर. हा कालवा इंग्रजांनी काढला, १८८५च्या सुमाराला त्याला पाणी सुटलं, आणि तेव्हापासून हळूहळू या पट्ट्यात उसाशिवाय दुसरं काही हिरवं असतं हे माणसं विसरत गेली. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, जिकडं बघावं तिकडं कारखान्याची चिमणी. आडसाली ऊस एकदा लावला की सोळा-अठरा महिने रान अडकलं. त्यात ज्वारी कुठं करणार? शहरातल्या माणसाला वाटतं, शेतकरी म्हणजे त्याच्या रानात सगळंच असणार. आमच्या रानात ऊस असतो, बांधाला नारळाची चार झाडं असतात, आणि घरात लागणारा गूळ आम्ही बाजारातून किलोवर आणतो. ऊस कारखान्याला जातो ना!

मागच्या वर्षी पाहुण्यांनी विचारलं होतं, "ज्वारी कुठाय तुमची?" आमच्या ह्यांना ते फार लागलं. म्हणून यंदा सप्टेंबरच्या शेवटी ह्यांनी विहिरीजवळच्या दोन गुंठ्यांत ज्वारी पेरली. साधी नव्हे, खास हुरड्याची सुरती. सुरतीचं कणीस भाजून चोळलं की दाणा बोंडातून अलगद सुटतो आणि चवीलाही गोड. गुळभेंडीचंही तसंच. राहुरीच्या विद्यापीठानं तर फुले उत्तरा आणि फुले मधुर असे हुरड्याचे वाणच काढलेत. ह्यांनी हे सगळं मला जेवताना तीन दिवस सांगितलं. दाण्यात दूध भरून तो चिकात आला की थोडेच दिवस हुरड्याचे. तेवढ्या दिवसांत त्यातली साखर जिभेला लागते, मग तिचं पीठ होतं आणि दाणा निबर. "तारीख काढूनच पेरलीय," हे म्हणाले. लग्नाची तारीख काढताना ह्यांनी एवढं लक्ष घातलं नव्हतं.

तारीख बरोबर होती. चूक एकच झाली. आजूबाजूला शेकडो एकर ऊस आणि मधे दोन गुंठे ज्वारी म्हणजे पाखरांना आवतनच. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात, ते बघायला पुण्या-मुंबईची माणसं पहाटे उठून येतात. पण त्याच थंडीत भोरड्याही येतात, त्यांचं कुणी कौतुक करत नाही. पुस्तकात त्यांना पळसमैना म्हणतात. पार मध्य आशिया, पूर्व युरोपाकडून आलेल्या. सांजच्याला त्यांचे थवे आभाळात धुरासारखे वळतात, फार देखणे दिसतात, आणि मग खाली उतरतात. आमच्या दोन गुंठ्यांत उतरल्या. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पत्र्याचा डबा बडवत बांधावर उभ्या राहिल्या. ह्यांनी माझ्या दोन जुन्या साड्या कणसांवर बांधल्या, त्यातली एक जुनी नव्हती. चार दिवसांत कणसांची नुसती केरसुणी उरली. लांबचे पाहुणे पुण्याच्या पाहुण्यांआधी जेवून गेले.

मग माहेर कामाला आलं. माझं माहेर सुप्याकडचं, बारामतीच्या जिरायती भागातलं. तिकडं पाऊस रुसलेला, कालव्याचं पाणी लांब, त्यामुळं ज्वारी अजून टिकून आहे. लग्न ठरलं तेव्हा आमच्या मंडळींनी कालव्याखालचं स्थळ म्हणून हुरळून मला इकडं दिली. आता दरवर्षी कालव्याखालची मंडळी मूठभर ज्वारीसाठी जिरायतीकडं तोंड वेंगाडतात. भावाला फोन केला. तो म्हणाला, "ताई, सुरती-बिरती नाय आपल्याकडं. मालदांडी हाय." मालदांडी म्हणजे आमच्याकडची भाकरीची ज्वारी. भाकरीला तिच्यासारखी दुसरी नाही, पण हुरड्याला जरा हट्टी. चोळलं तरी दाणा बोंड सोडत नाही. पाहुण्यांच्या दिवशी सकाळी आठला भाऊ मोटारसायकलला पोतं बांधून हजर. पहाटे कापलेली कणसं, अजून दव अंगावर. ह्यांनी पोतं उतरवून विहिरीमागं नेलं आणि मला सांगितलं, "कुणी विचारलं तर सुरती म्हण."

दहाला गाड्या आल्या. ओट्यावर शेणाचं सारवण बघून दोघींनी आधी त्याचेच फोटो काढले.

हुरडा भाजणं हे आत्यांचं काम. त्यात त्या कुणाला हात लावू देत नाहीत. हातभर खड्डा, त्यात गोवऱ्या. गोवऱ्या फुलून वर पांढरी राख धरली की कणसं त्या आरात खुपसायची, जाळावर नाही. जाळावर वरचं करपतं आणि आत कच्चं राहतं. दाणे तडतडायला लागले की कणीस बाहेर काढायचं, एकदा आपटायचं आणि तसंच कढत तळहातावर घेऊन चोळायचं. या टप्प्याला माणसाची पारख होते. आत्यांचे तळवे सत्तर वर्षांच्या भाकऱ्यांनी तयार झालेले, त्या विस्तव हातात धरल्यासारखं कणीस धरतात आणि वर गप्पाही मारतात. पाहुण्यांपैकी वन्संच्या जावयांनी मोठ्या हौसेनं एक घेतलं, "हॅ हॅ" करत एका हातातून दुसऱ्या हातात सात वेळा टाकलं आणि शेवटी रुमालात गुंडाळलं. चोळून झालं की फुंकर. ती सुपातल्यासारखी तिरकी मारायची असते. जावयांनी सरळ मारली. सगळी कूस समोर बसलेल्या त्यांच्या सासूबाईंच्या, म्हणजे वन्संच्या डोळ्यांत. त्यानंतर तासभर ते फार नम्र होते.

"काय गोडी आहे हो या सुरतीला!" सोसायटीतले एक काका म्हणाले. "मागे आम्ही एका रिसॉर्टवर गेलो होतो, तिथला हुरडा असला नव्हता. सुरती ती सुरतीच." हे मान डोलावत होते. माझा भाऊ आभाळाकडं बघत होता. आत्यांना खोकला आला.

मग बोलणं मिलेटवर गेलं. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष साजरं केलं, तेव्हापासून शहरात ज्वारीला मान आलाय. काका आत्यांना समजावत होते की मिलेट किती चांगलं, त्यानं साखर आटोक्यात राहते, प्रत्येकानं रोज खायला हवं. आत्यांनी चोळता चोळता विचारलं, "मिलो व्हय?" बाहत्तरच्या दुष्काळात रेशनला अमेरिकेची तांबडी ज्वारी यायची, तिला मिलो म्हणत. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, असं आत्या अजून सांगतात. "नगं रं बाबा. ती लई खाल्ली आमी," त्या म्हणाल्या आणि काकांच्या पुढ्यात मालदांडीची ओंजळ ओतली.

तोवर मी चुलीपाशी. घरात गॅस आहे, पण पाहुण्यांना 'चुलीवरचं' हवं असतं. तीन दगड मांडून उघड्यावर चूल केली की वारा मालक होतो. जाळ कधी डावीकडं, कधी उजवीकडं, तव्याखाली मात्र नाही. भाकरीची एक बाजू करपते, दुसरी माझ्याकडं कच्च्या नजरेनं बघत राहते. सत्तावन्न भाकऱ्या मी केल्या, त्यातल्या एकोणिसांचं चित्रीकरण झालं. एक ताई म्हणाल्या, "वहिनी, ती भाकरी फुगतानाचा परत एकदा घेऊया का? आधी अंधार आला." आता फुगलेली भाकरी परत कशी फुगवायची?

उघड्यावर माणसं जेवू घालायची आम्हाला सवय नाही असं नाही. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी याच रस्त्यानं जाते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, मग सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी, इंदापूर. तेव्हा गावागावांत पिठलं-भाकरीचे ढीग लागतात. पण वारकरी आधी फोन करून 'साधंच करा' म्हणत नाहीत. पडेल ते घेतात, 'रामकृष्णहरी' म्हणतात आणि चालू लागतात. बिनतेलाची चटणी आहे का, असं आजवर एकाही वारकऱ्यानं मला विचारलेलं नाही.

जेवणं झाली. पिठलं कमी पडलं, म्हणजे चांगलं झालं होतं. खर्ड्यानं दोन मुलं रडली. आणि मग दिवसाचा सगळ्यात अवघड भाग आला, वानवळा. पाहुणा रिकाम्या हातानं जाऊ द्यायचा नाही, आपल्या रानातलं काहीतरी त्याच्या गाडीत पडलंच पाहिजे. जुन्या काळी हे सोपं होतं, रानात सगळं असायचं. आता 'आमच्या रानातलं' म्हणून द्यायला उसाच्या दोन मोळ्या आणि चार नारळ. म्हणून मी आदल्या दिवशीच बाजारातून शेंगा, वांगी, हरभऱ्याचे डहाळे आणि गुळाची ढेप आणून ठेवली होती. गुळाचा छापील कागद सोडवून ढेप धुवट फडक्यात बांधली. पाहुणे म्हणाले, "घरचा गूळ! रंगच सांगतो." काय करायचं ते करा म्हणावं. कष्ट तर घरचेच होते.

राहिला वन्संचा डबा. या डब्याचा वेगळा इतिहास आहे. पंधरा वर्षांपूर्वी मी त्यांना तिळाची चटणी एका डबीतून दिली होती. रिकामी डबी परत करायची नसते, म्हणून त्यांनी तीत चिवडा भरायला घेतला. त्या डबीत चिवडा मावला नाही, म्हणून जरा मोठा डबा. मग मला त्याहून मोठा. असं करत करत आमच्या दोघींमध्ये आज पाच किलोचा स्टीलचा डबा ये-जा करतो, आणि दोघींपैकी कुणालाही तो थांबवता येत नाही. झाकणावर कुणाच्या तरी लग्नाच्या आहेराचं नाव कोरलंय, त्यांना आम्ही दोघीही ओळखत नाही. यंदा वन्संनी येतानाच तो माझ्या हातात दिला होता. "डिंकाचे लाडू आहेत वहिनी. घरी केलेत, रात्री दोनपर्यंत वळत होते."

आता त्या निघालेल्या, गाडी चालू, आणि डबा परत भरून द्यायचा म्हणून मी घाईघाईनं लाडू परातीत उपडे केले. तळाशी कागद होता. बटर पेपर, त्यावर पुण्यातल्या एका मिठाईवाल्याचं नाव, पत्ता आणि 'आमची कुठेही शाखा नाही'.

मी कागदाकडं बघत राहिले. मागून आत्या आल्या. त्यांनी कागद बघितला, बाहेर गाडीकडं बघितलं, एक लाडू फोडून तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"घरचंच हायती," त्या म्हणाल्या. "कुणाच्या तरी. चल, चटणी भर लवकर."