वहीप्रमाणे

आमच्या सोसायटीतल्या नानांना गाडी विकायचीय. गेली चार वर्षं विकायचीय. मारुती ८००, पांढरी, २००३चं पासिंग, अडतीस हजार किलोमीटर, सिंगल हँड. हा हँड नानांचाच. काकूंचा हात गाडीला लागतो तो दसऱ्याला हार घालण्यापुरता.

"किती द्यायचे?" असं कुणी विचारलं, की नाना आत जाऊन लाल कापडी बांधणीची लांबट वही आणतात. बॅटऱ्या पाच, क्लचप्लेट एक, वायपरची पाती, डिकीतल्या दिव्याचा बल्ब, सगळं तारीखवार. आरसीच्या नूतनीकरणाची फी २०२२ साली सहाशेवरून पाच हजार झाली, त्या नोंदीखाली लाल शाईच्या दोन रेघा. पर्यावरण कर निराळा. या सगळ्या बेरजेतून नाना घसारा वजा करतात आणि किंमत सांगतात : १,२६,३४०. घसारा त्यांच्या मते किरकोळच, कारण गाडी वापरलीय कुठे? पावसात तर बाहेरच काढलेली नाही.

मध्यंतरी एक एजंट आला. त्यानं दाराचं रबर ओढून खांबावरचे वेल्डिंगचे ठिपके पाहिले. ठोकलेल्या गाडीत ते जागेवर नसतात. ऑइलचं झाकण उघडून आत बोट फिरवलं. मग बोट पुसत म्हणाला, "गाडी कडक ठेवलीय काका. चाळीस."

"चाळीस काय?"

"हजार."

नाना काही बोलले नाहीत. लोंबणारं रबर अंगठ्यानं दाबत दाबत वरपासून खालपर्यंत बसवलं आणि मग विचारलं, "सीटांवरचं प्लॅस्टिक पाहिलंत? शोरूममधून आलं तेच आहे."

"प्लॅस्टिकचे पैसे येत नाहीत काका."

खरं तर द्यायला हवेत, नुकसानभरपाई म्हणून. मे महिन्यात त्यावर बसलेला माणूस उठताना सोलून निघतो.

टेस्ट ड्राइव्हला गाडी नानाच चालवतात. गिऱ्हाइकानं शेजारी बसून ऐकायचं. पहिल्या गाडीची किल्ली डिसेंबर १९८३मध्ये इंदिरा गांधींनी दिली, २०१४ला उत्पादन थांबलं, म्हणजे यापुढे भाव चढणारच. या न्यायानं माझ्या माळ्यावरच्या व्हीसीआरला आज बंगल्याची किंमत यायला हवी.

गेल्या रविवारी वाकडचा एक मुलगा आला. फेरी मारून झाल्यावर म्हणाला, "चालेल. यूपीआयवर आज लाख जातील, वरचे उद्या देतो."

नाना चपापले. "अहो, भाव नाही करणार?"

"कशाला? बायकोला शिकायला हवीय. नवी ठोकली तर जीव जातो. हिला काय, कुठं घासली तरी चालतंय."

नानांचा चेहरा मी गॅलरीतून पाहिला. फॉर्म २९, फॉर्म ३०, सह्या, आरटीओतली गर्दी... घरात विचारून कळवतो, असं म्हणून त्यांनी त्याला फाटकापर्यंत सोडलं. काकूंना ते काही विचारतात हे आम्हाला नवीनच होतं.

परत येऊन त्यांनी दाराची मूठ पिवळ्या फडक्यानं पुसली, बॉनेटवर वही ठेवली आणि खिशातलं पेन काढलं. 'टेस्ट ड्राइव्ह, पेट्रोल, रु. १२.' खाली रेघ मारली, बेरीज केली.

१,२६,३५२.