पुढे काही होणार आहे का?

संथ सिनेमा आपल्याला आवडतो, हे चारचौघांत सांगण्यासारखं दुसरं सुख नाही. त्यासाठी सिनेमा खरोखर आवडावाच लागतो असं नाही. बाकीच्यांना तो कंटाळवाणा वाटला म्हणजे झालं. ते जांभया देतात आणि आपण हनुवटीला बोट लावून पडद्याकडे असं बघायचं, की दिग्दर्शकाने शेवटचा हात आपल्याला विचारूनच फिरवलाय.

याच सुखाच्या ओढीने मी सोसायटीच्या हॉलमध्ये ‘एक रुका हुआ फैसला’ लावला. बासू चटर्जींचा, १९८६ चा. एक खोली, एक टेबल, ज्यूरीतली बारा माणसं आणि बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक पोरगा. अकरा जण म्हणतात दोषी, के. के. रैना म्हणतो जरा बोलू या. मग बोलतात. शेवटपर्यंत बोलतात.

पहिला अभिप्राय लगेच आला. “हे खोलीच्या बाहेर कधी पडणार?” पाठोपाठ दुसरा, काकूंचा : “पुढे काही होणार आहे का, की मी कुकर लावून येऊ?” कॉलेजात जाणाऱ्या एका चिरंजीवांनी “दीडपट वेगाने लावता येईल का?” अशी विनंती केली. आमचे सेक्रेटरी मात्र मन लावून बघत होते. पडद्यावरची मंडळी घाम पुसायला लागली, तसे ते वळून म्हणाले, “बघा! हॉलमध्ये एसी नसला की अशी भांडणं होतात. येत्या सभेत ठराव आणतोच.”

आता गंमत बघा. ही सगळी मंडळी नाटकवेडी. एक दिवाणखाना, मधोमध सोफा, कोपऱ्यात टेलिफोन, एवढ्यावर यांनी अख्खी हयात काढलेली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ एका हॉलमध्येच घडतं, तिथे कुणी कुकरची आठवण काढली नाही. ‘तो मी नव्हेच’मधला लखोबा कोर्टात बोलत राहिला आणि महाराष्ट्र १९६२ पासून ऐकत राहिला. रंगमंचावर माणसं बोलली की “काय संवाद आहेत!” आणि पडद्यावर बोलली की “नुसतेच बोलतायत!” फरक एवढाच, की तिथे तिकिटाचे पैसे मोजलेले असतात आणि मध्यंतरात बटाटेवडा असतो.

मी प्रास्ताविकाची जय्यत तयारी केली होती. हा सिनेमा ज्यावरून घेतला, तो सिडनी लुमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. साल १९५७, लांबी ९६ मिनिटं, लुमेटचा पहिलाच चित्रपट. त्यात कॅमेरा सुरुवातीला डोळ्यांच्या पातळीच्या वर असतो, मग पातळीत येतो, शेवटी खाली जातो. भिंगंही हळूहळू लांब पल्ल्याची होत जातात. त्यामुळे खोली तीच असून भिंती अंगावर येतात आणि अखेर डोक्यावरचं छत दिसायला लागतं. मी ‘छत’ म्हणताच सगळ्यांनी माना वर केल्या. मला भरून आलं. तेवढ्यात मागून आवाज आला, “ती ओल बघा, ती! गच्चीचं वॉटरप्रूफिंग मागच्याच वर्षी केलंय ना?” घरी आल्यावर बायको म्हणाली, “सिनेमा नव्हता रे संथ. प्रास्ताविक होतं.”

पण माझाही क्षण आला. एका निवृत्त गृहस्थांनी शंका काढली, “आपल्याकडे ज्यूरी असते कुठे?” या प्रश्नाची मी वर्षानुवर्षं वाट बघत होतो. मी सिनेमा थांबवला आणि नानावटी खटला सुरू केला.

२७ एप्रिल १९५९, मुंबई. नौदलातले कमांडर कावस नानावटी, बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा, तीन गोळ्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्जांना ते पटेना, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. तिथे जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली. याच खटल्याने ज्यूरी संपवली असं सरसकट सांगतात. खरं म्हणजे ती आधीपासूनच गुंडाळली जात होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ती उरलीच नाही. म्हणजे बासूदांनी ज्यूरी दाखवली, तेव्हा देशात फौजदारी खटल्यांना ज्यूरी नव्हती. आणि नानावटींची बाजू घेऊन रान उठवणारं साप्ताहिक कोणतं? ‘ब्लिट्झ’. चार आण्यांचा अंक दोन रुपयांना जात होता. तिथे व्यंगचित्रं कोण काढायचं? बासू चटर्जी!

इथे थांबलो असतो तर माझी विद्वत्ता शाबूत राहिली असती. पण मला टॉवेल आठवला.

आहुजा आंघोळ करून टॉवेल गुंडाळून उभा होता. बचाव पक्ष म्हणाला, झटापट झाली, तीत गोळ्या सुटल्या. सरकारी पक्षाने विचारलं, झटापट झाली, तीन गोळ्या लागल्या, तर कमरेचा टॉवेल जागेवर कसा? या प्रश्नावर माझा स्वतंत्र अभ्यास आहे. पंच्याची गोष्ट निराळी. पंचा पातळ, त्याची गाठ बसते. पंचा नेसून आमच्या आजोबांनी नारळ उतरवले आहेत. टर्किश टॉवेलला गाठ बसत नाही. तो नुसता खोचायचा, आणि जाडजूड असल्यामुळे स्वतःच्याच वजनाने सुटायला टपलेला असतो. झटापट सोडा, कुरिअरवाल्याच्या कागदावर सही करायची म्हटली तरी एक हात कमरेवर लागतो. सिनेमातली ज्यूरी साक्षीदाराची चाल खोलीत पावलं टाकून मोजते. मग नानावटींच्या ज्यूरीतल्या नऊ जणांपैकी एकाने तरी घरी जाऊन, दार लावून, आरशासमोर प्रयोग करून बघायला नको होता?

हॉलमध्ये टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. एकही जांभई नाही. “खोचला कुठल्या बाजूला होता?” काकूंनी विचारलं. चिरंजीवांनी फोन खाली ठेवला. वेग वाढवा असं कुणी म्हणालं नाही. मग मी नाइलाजाने सिनेमा पुन्हा सुरू केला आणि मंडळी पुन्हा पेंगायला लागली.

एकच माणूस पेंगत नव्हता. तळमजल्यावरचे नाना, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकुनी केलेले. लंगड्या म्हाताऱ्या साक्षीदाराचा प्रसंग आला. तो म्हणतो, पंधरा सेकंदांत दारापाशी पोचलो आणि पोराला पळताना पाहिलं. ज्यूरीतला म्हातारा त्याला ओळखतो : ज्याचं जन्मभर कुणी ऐकलं नाही, त्याचं एकदा सगळे कान देऊन ऐकतायत, त्या भरात तो पाहिलं नाही तेही पाहिलं म्हणाला असेल. हा ज्यूरर साकारताना अन्नू कपूर तिशीचा होता, यावर मला एक टिप्पणी करायची होती. पण नाना आधी बोलले. “खोटारडा नाही हो तो. साक्षीला बोलावलं, की माणसाचं मधे न तोडता ऐकतात. तेवढ्यासाठी मीसुद्धा गेलो असतो.”

यावर कुणाला काही सुचलं नाही, मलाही नाही. नाना लिफ्टपाशी गोष्ट सांगायला लागले की लिफ्ट येते, आणि सगळे लिफ्टवर खूष होतात. मावशीचा व्हॉइस मेसेज आपण दुप्पट वेगाने ऐकतो, तेव्हा तिचा दम लागलेला आवाज नेमका गळून जातो. राग सिनेमाला संथ म्हणणाऱ्यांचा नाही येत. बोलणाऱ्या माणसाला संथ म्हणणाऱ्यांचा येतो.

सिनेमा संपला आणि काकू कडाडल्या, “मग खून केला कोणी?” तो सांगतच नाही हो सिनेमा, म्हटल्यावर त्यांना फसवणूक झाल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या दिवसापासून जिन्यात, पाण्याच्या टाकीपाशी, भाजीवाल्यासमोर खटला उभा राहिला. काकूंच्या मते पोरगाच दोषी. सेक्रेटरींच्या मते पुरावा अपुरा आणि पंखे निकामी. ज्यांना दोन तास बसवत नव्हतं, ते आठवडाभर भांडत होते. फक्त माझं मत कुणी विचारत नव्हतं.

शेवटी काकूंनीच जिन्यात गाठलं. “तुमचं काय म्हणणं?” मी घसा साफ केला. भिंगांपासून सुरुवात करावी की टॉवेलपासून, याचा विचार करतोय, तोवर त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाल्या, “थोडक्यात सांगा हं.”