कव्हर आणि लुंगी

म्हैसूरकरांना वस्तूइतकंच तिच्या वेष्टणाचंही कौतुक, असं माझं जुनं मत आहे. चंदनाच्या साबणाचंच बघा. 1916 साली नाल्वडी कृष्णराज वडियार आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकारानं हा उद्योग सुरू झाला. चंदनतेलाचा कारखाना म्हैसुरात, साबणाचा बेंगळुरूत. खोक्यावर नाव मात्र म्हैसूरचं. ते खोकं केलं होतं दागिन्यांच्या डबीच्या धर्तीवर. फुलापानांची दाट नक्षी, आणि हत्तीचं तोंड नि सिंहाचं धड असलेला शरभ. म्हैसूरला राहणारी माझी मावशी हे खोकं कधी टाकत नाही. साबण पंधरा दिवसांत झिजून जातो, खोकं साड्यांच्या घडीत वर्षानुवर्षं घमघमत पडून असतं.

रॉक बँडच्या अल्बमचंही काहीसं असंच. गाणी जुनी होतात, वादक भांडून वेगळे होतात, कव्हर तेवढं टिकतं. शिवाय बँड कसा आहे हे गाण्यांवरून कळायला वेळ लागतो. लोकांनी आपल्याला कसं समजावं अशी त्याची इच्छा आहे, ते कव्हर बघताक्षणी सांगतं.

पूर्वी ही भानगड नव्हती. म्हैसूरचे शेवटचे महाराज जयचामराजेंद्र वडियार हे पाश्चात्त्य संगीताचे मोठे शौकीन. लंडनमध्ये हलाखीत दिवस काढणाऱ्या निकोलाय मेट्नर या रशियन संगीतकाराच्या रचना त्यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस पदरच्या पैशांनी एचएमव्हीकडून ध्वनिमुद्रित करून घेतल्या. मेट्नरनं आपला तिसरा पियानो कन्चेर्टो त्यांना अर्पण केला. त्या काळच्या तबकड्या म्हणजे मध्ये गोल भोक पाडलेली साधी कागदी पाकिटं, आणि अशी पाकिटं शिवलेली जाडजूड वही. कपाटात ठेवली तर वकिलाचं दप्तर वाटावी. अमेरिकेत मात्र त्याच्या काही वर्षं आधीच अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या पोरसवदा चित्रकारानं कोलंबिया कंपनीला पटवलं की वहीवर चित्र छापलं तर गिऱ्हाईक थांबेल. गिऱ्हाईक थांबलं, आणि पुढे कव्हर करणाऱ्यांना पोटापाण्याची ददात राहिली नाही.

रॉकवाल्यांनी मात्र कव्हरचा अगदी उत्सव केला. 1967च्या ‘सार्जंट पेपर’वर बीटल्सच्या मागे जगभरच्या नामवंतांची गर्दी आहे. जॉर्ज हॅरिसनच्या आग्रहानं तीत चार भारतीय योगी आले. गांधीजीही येणार होते. ईएमआय या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या वरिष्ठांना धास्ती वाटली की भारतात लोक दुखावतील, कंपनीचा तिथला धंदा बसेल; आणि गांधीजींना चित्रातून पुसून टाकण्यात आलं. कंपनीचा कोलकात्याजवळच्या दमदमचा रेकॉर्ड कारखाना बापूंपेक्षा जड ठरला!

खरी गंमत त्याच वर्षी डिसेंबरात झाली. जिमी हेंड्रिक्सच्या ‘अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह’चं कव्हर मी पहिल्यांदा पाहिलं आणि हात जोडायला उठलेच होते. विश्वरूपदर्शन! आपल्याकडे किराणा दुकानात गल्ल्याच्या वर लावतात तेच. पंख्यासारखी पसरलेली मुखं, आयुधं घेतलेले असंख्य हात, आणि मधोमध, जिथे विष्णूचं मुख असायला हवं, तिथे पिंजारलेल्या केसांचा हेंड्रिक्स. दोन्ही बाजूंना त्याचे बेसवाले आणि ड्रमवाले, चेहऱ्यावर भाव असे की कुणीतरी चुकीच्या घरी जेवायला बसवलंय. खुद्द हेंड्रिक्सला हे फारसं रुचलं नव्हतं. त्याला अमेरिकेतल्या आपल्या आदिवासी पूर्वजांचं काही हवं होतं, मिळालं गंगेकाठचं. त्या दिवसांत लंडनमध्ये पूर्वेकडचं सगळंच खपत होतं, उदबत्तीपासून देवापर्यंत.

देवाचं छापील चित्र घरोघरी नेण्यात महाराष्ट्राचा हात मोठा. राजा रविवर्मांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्यांची काही मूळ चित्रं म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहेत. तिथेच सावळाराम हळदणकरांची हातात दिवा घेतलेली ती प्रसिद्ध युवती उभी आहे. ते आयतं कव्हर आहे, असं माझं आपलं मत. आमच्या सावंतवाडीकडच्या माणसानं स्वतःच्या मुलीला उभं करून जलरंगात रंगवलंय, आणि बोटांमधून झिरपणारा उजेड असा की दिवा पदराला लागेल म्हणून जीव वर-खाली होतो.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण 1971 साली रोलिंग स्टोन्सना ते चुकवावं लागलं. अँडी वॉरहॉलच्या कल्पनेतून त्यांनी ‘स्टिकी फिंगर्स’वर जीन्सचं चित्र छापलं आणि तिला खरीखुरी धातूची चेन लावली. आम्ही किती वाह्यात आहोत हे सांगायला यापेक्षा सरळ मार्ग नसेल. पण गठ्ठ्यात एकावर एक रचल्यावर एकाची चेन दुसऱ्याच्या रेकॉर्डवर रुतायला लागली. मग असं ठरलं की पाठवतानाच चेन अर्धी खाली ओढायची, म्हणजे खड्डा पडला तरी मधल्या कागदी चकतीवर पडेल.

आपल्याकडे हे सगळं पोचलं ते कॅसेटच्या चिठ्ठीवर, पोस्टाच्या तिकिटाहून थोडं मोठं होऊन. आमच्या पिढीनं हेंड्रिक्सचे केस भिंग लावून पाहिलेत. तेवढ्यावर मुंबईच्या पोरांनी केस वाढवले आणि मे महिन्यात कातडी जाकिटं घातली. ‘रॉक मशीन’ या तिथल्या गाजलेल्या बँडनं तर 1993 साली नावच बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. वेष्टण आपल्या मातीचं हवं, हे तेव्हा लोकांना उमगायला लागलं होतं.

मग आला म्हैसूरचा गायक रघू दीक्षित. जन्म नाशिकचा, हे कळल्याबरोबर मावशीनं त्याला परस्पर ‘आपला’ करून टाकलं. म्हैसूर विद्यापीठाचा सूक्ष्मजीवशास्त्राचा सुवर्णपदकविजेता, त्यात भरतनाट्यम शिकलेला. कॉलेजात कुणीतरी डिवचलं म्हणून पैजेवर गिटार शिकला. पहिला अल्बम 2008 साली विशाल-शेखर यांनी काढला. त्यात ‘मैसूर से आयी’ही आहे आणि एकोणिसाव्या शतकातले संतकवी शिशुनाळ शरीफही. तोवर सीडीची दुकानं बंद पडू लागली होती, आणि कव्हर थोड्याच दिवसांत फोनवर नखाएवढं होणार होतं. एवढ्याशा जागेत बँडनं आपली ओळख सांगायची कशी? रघूनं ती कमरेला गुंडाळली. रंगीबेरंगी लुंगी, पायात घुंगरू, हातात गिटार. 2010 साली बीबीसीवर जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात पोचला तोही त्याच थाटात.

मावशीला हे पटलेलं नाही. “अगं, लुंगी लावून का कुणी चारचौघांत जातं? आमचे हे फाटकापर्यंत दूध घ्यायला जायचं तरी पँट चढवतात.” तिचं म्हणणं खोटं नाही. म्हैसूरचे कॉलेजकुमार काही लुंगीत हिंडत नाहीत. रघूची लुंगीही मुंबईकरांच्या जाकिटासारखी विचार करून निवडलेली, आणि साबणाच्या खोक्यावरच्या नावाइतकीच म्हैसूरची. पण चॉइस चांगला आहे. वारा लागतो, नाचता येतं, धुवायला टाकता येते. आणि मुख्य म्हणजे तिला चेन नाही. गठ्ठ्यात कशाही रचा, कुणाच्या गाण्याला खड्डा पडायचा नाही.