काम नसताना मुंबई

बोईसरहून मुंबईला जाणाऱ्या माणसापाशी कारण लागतं. नोकरी, केईएम, टाटा, मंत्रालय, हायकोर्ट, नाहीतर दादरची लग्नाची खरेदी. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला आणि कलेक्टरच्या दारात उभं राहायला ठाणं गाठायची गरज उरली नाही. मुंबईची कारणं मात्र होती तेवढीच राहिली. ‘सहज जातोय’ हे त्यांत कुठंच बसत नाही. मी तसं म्हणालो तेव्हा शेजारच्या काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, “रिपोर्ट कसे आलेत?”

सोबतीला मामा होते. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले. उभा जन्म पाळ्या करण्यात गेल्यामुळे घड्याळ त्यांच्या अंगात मुरलंय. “निवांत जायचंय ना? मग पहाटेचीच गाडी धरू,” ते म्हणाले, “म्हणजे निवांतपणाला भरपूर वेळ मिळेल.”

आम्ही रिकामे जाणार ही बातमी इमारतीत पसरली आणि कामं चालून आली. लोहार चाळीतून मिक्सरचा एक पार्ट, प्रिन्सेस स्ट्रीटवरून औषध, अंधेरीच्या कुणा मेव्हणीला सातपाटीचे सुके बोंबील. बोंबलांची पिशवी मांडीवर असली की लोकलमध्ये आजूबाजूची जागा आपोआप मोकळी होते, हा फायदा मला दिसत होता. तरी नाही म्हटलं.

लोकल डहाणूपर्यंत यायला लागली 2013 साली. पण विरारपर्यंत रूळमार्ग दोनच, एक जायचा आणि एक यायचा, आणि राजधानीपासून मालगाडीपर्यंत सगळ्यांना तेच वापरायचे असतात. मागून बडी गाडी येणार असली की लोकल मुकाट्याने बाजूला उभी राहते. पासवाला अशा वेळी तिचा उद्धार करतो. आम्हाला काम नव्हतं, त्यामुळे प्रथमच लक्षात आलं की सफाळ्याला झाडी छान आहे आणि वैतरणेची खाडी भरतीला चक्क सुंदर दिसते. मामांनी शेजारून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजले, आणि आकडा चुकला असं वाटून पुढच्या मालगाडीची वाट पाहायला लागले. मुंबईत जाऊन काय निवांतपणा मिळायचा तो मिळो, अस्सल माल इकडेच तयार होतो.

विरारला तो संपला. डबा भरला, आणि मामांच्या अंगात जुना प्रवासी शिरला. वांद्र्यालाच ते उठून दाराकडे सरकले.

“मामा, चर्चगेटला उतरायचंय. शेवटचं स्टेशन. गाडी त्याच्या पुढे जाणार नाही.”

“अरे, आधीच उभं राहिलेलं बरं.”

चर्चगेटला गर्दी धावली म्हणून मामा धावले, मामा धावले म्हणून मी. सबवेत पोचल्यावर दोघेही थांबलो. पुढे कुठं जायचं ते ठरलंच नव्हतं.

ओव्हल मैदानाच्या कडेला बसलो. एका बाजूला 1878 मध्ये पुरा झालेला राजाबाई टॉवर, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको इमारतींची रांग. या दोन्ही बाजूंना युनेस्कोने 2018 मध्ये जागतिक वारशात घेतलं. मामांनी मात्र टॉवरचं घड्याळ आपल्या मनगटाशी ताडून पाहिलं. मग इराण्याकडे बनमस्का खाल्ला. मामांचा चार मिनिटांत संपला आणि ते माझ्या पावाकडे हजेरी घेणाऱ्या सुपरवायझरसारखे बघत राहिले.

मामा पहिल्यांदा सैलावले ते गेटवेपाशी. पंचम जॉर्ज राजा इथे उतरला 1911 साली, त्याच्या स्वागताची ही कमान. त्याला दिसला तो तिचा पुठ्ठ्याचा नमुना. पायाचा दगड बसला 1913 मध्ये आणि उद्घाटन झालं 1924 मध्ये. “म्हणजे पाहुणा जेवून गेला आणि तेरा वर्षांनी पान मांडलं?” मामा खूश झाले. पुढे 1948 मध्ये ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढली. स्वागताला बांधलेला दरवाजा खरा कामाला आला तो निरोपाला, हे मामांना इतकं आवडलं की त्यांनी शेजारच्या फोटोवाल्यालाही ऐकवलं. त्याला माहीत होतं.

बेस्टच्या विजेवर चालणाऱ्या दुमजली बसमध्ये (या 2023 मध्ये आल्या) वरची पुढची सीट मिळाली. मरीन ड्राइव्हवर दिवे लागेपर्यंत बसलो. मामा छाती पुढे काढून म्हणाले, “आपली वीज!” तारापूर 1969 मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, हे खरं; पण तिथली वीज ग्रिडमध्ये जाते, महाराष्ट्राला आणि गुजरातला मिळते. त्यातून मरीन ड्राइव्हचा कुठला दिवा आपला हे कोण सांगणार? मामांनी सांगितलं. डावीकडून सातवा.

तुम्हीही जा, पण परतीची थेट डहाणू लोकल आधी बघून ठेवा. त्या मोजक्याच आहेत. चारच्या आत निघा, नाहीतर साडेनऊनंतर. मधल्या वेळात गाडी आपली नसते, विरारकरांची असते.