काट्यावरचा ग्रॅज्युएट

"जिजी, पेपरातली जाहिरात पाह्यली का? एका साखर कारखान्याला काट्यावर कारकून पाहिजे. पदवी, टायपिंग अन् वर एमएस-सीआयटी!"

"उसाची गाडी मोजायला? अवो माय! माझे सासरे कारखान्यात लागले तेव्हा व्हर्नाक्युलर फायनल होते. म्हणजे सातवी. तेवढ्यावर गावात पत्रं वाचून दाखवायचे."

"काम काय होतं त्यांना?"

"पॅनवर. आधी हाताखाली, मग स्वतः पॅनमन. पॅनमधला पाक काचेच्या पट्टीवर घ्यायचा, उजेडासमोर धरायचा, चिमटीत चोळायचा. दाणा बसला का नाही, ते बोट सांगायचं. केमिस्टसाहेब बी.एस्सी., पण 'बाबा, उतरवायचं का?' म्हणून यांनाच विचारत. आता त्याच कामाचा अभ्यासक्रम आहे म्हणे, कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत."

"बरंच आहे की. चटके खाऊन शिकण्यापेक्षा!"

"त्याला कोण नाही म्हणतं? पॅनवाला शिकलेला असावा, केमिस्ट तर असावाच. पण काट्यावरच्या कारकुनाला ग्रॅज्युएशन कशाला? उद्या चिटबॉयलाही मागतील. त्यानं नुसतं फडात जायचं अन् तोडीची चिठ्ठी द्यायची."

"अर्ज ढीगभर येतात ना, जिजी. चाळणी तर लावावी लागते. आपल्याकडे फैजपूरला 1961 ला धनाजी नाना कॉलेज निघालं, नाहीतर पोरं जळगावला खोली करून राहायची. 1983 ला मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंगला परवानगी दिली. 1990 ला विद्यापीठच जळगावात आलं. पदवी घरोघरी झाली. नोकऱ्या काही तशा घरोघरी आल्या नाहीत."

"अन् लग्नाच्या बायोडाटात? मुलीकडचे आधी डिग्री वाचतात, मग केळीचे खोडं मोजतात. सासऱ्यांच्या वेळी फक्त खोडं मोजायचे."

"मुलीही आता एम.एस्सी. असतात, जिजी. त्यांनी विचारू नये का?"

"विचारावं. माझ्या नातीनंही विचारलं, अन् दोन स्थळं परत गेली. मी काही बोलली नाही."

"बरं, मागच्या गल्लीतला बी.ई. मेकॅनिकल हल्ली पहाटे कुठे जातो, माहीत आहे?"

"कुठे?"

"पोलीस भरतीच्या सरावाला. अट बारावीची. ग्राउंडवर 1600 मीटर पळायचं अन् गोळा फेकायचा. तिथे बी.ई.चा एक मार्क जास्त मिळत नाही."