पैसेवारीवाले मामाजी

हा माणूस तुमच्याही गावात आहे. लग्नाच्या पंगतीतून उठून हात धुवायच्या आत त्याचा वरणावरचा निकाल लागलेला असतो. पाऊस, भाषण, जावई, रस्ता, समोर येईल त्याला तो गुण देतो. तुमच्याकडचा दहापैकी देत असेल, किंवा ‘ठीक आहे, पण पूर्वीची मजा नाही’ एवढ्यावर भागवत असेल. गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या प्रतापगडचे मामाजी पैसे देतात. खिशातले नव्हे, तसा त्यांचा लौकिक मुळीच नाही. ते पैसेवारी देतात.

मामाजी म्हणजे आमचे निवृत्त कोतवाल. हयात गेली ती दवंडी देण्यात, दप्तर वाहण्यात आणि पीक कापणी प्रयोगाच्या वेळी धानाच्या बांधीत दोरी धरून उभं राहण्यात. चांगली, मध्यम आणि हलकी अशा तिन्ही प्रतींच्या जमिनी निवडायच्या, खुंट्या ठोकायच्या, आतलं धान कापून, झोडून, तोलायचं. पुऱ्या पिकाला रुपया धरला तर आलेलं पीक किती पैशांचं, ती पैसेवारी. आमच्याकडे ती तीनदा निघते: 30 सप्टेंबरला नजरअंदाज, 31 ऑक्टोबरला सुधारित, 31 डिसेंबरला अंतिम. पन्नासच्या आत आली तर गावाला टंचाईच्या सवलती, वर गेली तर ‘पीकपरिस्थिती समाधानकारक’.

नोकरी सुटली. दोरी सुटली नाही.

वडशाच्या कंपनीचं नवं नाटक गावात लागलं की रात्री दहाला पडदा वर जातो आणि मामाजी पहिल्या प्रवेशाला नजरअंदाज सांगून टाकतात. मध्यरात्री, लावणी झाल्यावर, सुधारित. पहाटे खलनायक मेला आणि शेजारी झोपलेल्या माणसाला उठवून झालं की अंतिम. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोमो खाल्ला तेव्हा वाढणारी बाई चव विचारायला आली. मामाजी तिला म्हणाले, “सध्या अडुसष्ट. पोटात गेल्यावर सुधारित सांगतो.” महाशिवरात्रीला गडावर महादेवाची जत्रा भरते, त्याच गडावर ख्वाजा उस्मान गनी हारूनींचा दर्गा आहे. दोन्हीकडच्या गर्दीला मामाजी वर्षानुवर्षं पैसेवारी देत आले आहेत. देवाला आणि पिराला मात्र नाही. “ते वरच्या कार्यालयाचं काम.”

हे सगळं खपवून घेता येतं. मामाजी खऱ्या अर्थाने असह्य होतात ते अंतराळात.

मूळ 1998 सालात. दूरदर्शनवर केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ मालिका आली. मिलिंद सोमण व्योम झाला होता आणि तुरुंग फोडून पळालेल्या बारा अट्टल गुन्हेगारांना धरायला अंतराळ पालथं घालत होता. जिथे टीव्ही होता तिथे आख्खी आळी. पोरं श्वास रोखून बसलेली आणि मागून मामाजींचा दवंडीचा आवाज, “बारा कैदी पळाले तवा तिथला कोतवाल का करून रायला होता?” मध्येच लाइन गेली तर तेवढा तुकडा ते पडीत म्हणून वगळत आणि उरलेल्या क्षेत्रावर पैसेवारी काढत. एकदा भागाच्या सुरुवातीला गेलेली लाइन शेवटची नावं सरकताना आली. मामाजींनी त्या नावांना बहात्तर दिले. पुढे 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. व्योमच्या भागांची वही कुठे आहे म्हणून आजही विचारा. “ते रेकॉर्ड भंडाऱ्याले गेलं जी,” असं गंभीर तोंडाने सांगतात.

मग वीसेक वर्षं अंतराळात शांतता होती. 2020 च्या टाळेबंदीत नागपूरला इंजिनिअरिंग शिकणारा त्यांचा नातू घरी आला आणि त्याने मोबाइलवर ‘द मँडलोरियन’ आणली. ‘स्टार वॉर्स’च्या अफाट पसाऱ्यातली ही मालिका. डोक्यावरचं लोखंडी शिरस्त्राण कोणासमोर न काढणारा एक सुपारीबाज शिकारी आणि त्याच्या गळ्यात पडलेलं, मोठ्या कानांचं हिरवं पोर. 30 ऑक्टोबरला दुसरा हंगाम सुरू झाला, दर शुक्रवारी नवा भाग. ‘हंगाम’ म्हटल्यावर मामाजी ताठ बसले. हंगाम आहे म्हणजे पैसेवारी आलीच.

ओसरीवर धानाची पायली पालथी घालून तिला मोबाइल टेकवायचा. नातू इंग्रजीचं झाडीबोलीत करणार, मामाजी मांडीवर लांब पिवळी वही घेऊन बसणार. वहीत रकाने आखलेले: तारीख, पिकाचं नाव, नजरअंदाज, सुधारित, अंतिम, शेरा. शेरे वाचण्यालायक असत. ‘मारामारी जास्त, लोंब कमी.’ ‘शेवट घाईत कापला, धान हिरवं होतं.’ एका भागापुढे नुसतंच, ‘रोवणा दाट.’

दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर हरकती मागवल्या जात. सरकारी रीतच ती, आकडा जाहीर केला की हरकती मागवायच्या. पण तिथे मालिकेपेक्षा मामाजींवरच चर्चा होई. पोरांचा अभिप्राय एका शब्दाचा, ‘कडक’. आमचे एक कंपाउंडर विज्ञानाच्या बाजूचे. अंतराळात हवा नसते, मग स्फोटाचा आवाज येतो कसा, ही त्यांची कायमची हरकत. मामाजींनी ती एका वाक्यात फेटाळली. “तुमच्याकडं औषध नसते, मंग बिल कसं येते?” मी मास्तर असल्यामुळे मला समतोल बोलावं लागे. पहिल्या भागात वाळूखालचा अजस्र राक्षस मारला तो प्रसंग चांगला होता, असं मी म्हणालो. मामाजींनी वही उघडून दाखवलं: त्या राक्षसाला त्यांनी ‘चांगल्या प्रतीच्या जमिनीत’ घातलं होतं. पण मध्यम आणि हलक्या प्रतीचे तुकडे घेतल्याशिवाय सरासरी निघत नाही, गुर्जी, एकाच बांधीवर गाव तोलता येत नाही. कार्यालयांत याच्या निम्मा काटेकोरपणा असता तर, असं तेव्हा मनात आलं. वैताग होताच, तो जरा वेळ बाजूला सरला.

आणि मग 6 नोव्हेंबरचा भाग आला.

बाहेर धानकापणी चालू, आत पायलीला टेकवलेला मोबाइल. गोष्ट अशी: एक बेडकीणबाई आहे. पाठीवर काचेच्या भांड्यात अंडी घेऊन निघालेली. तिच्या कुळाचं हे शेवटचं बीज, दूरच्या चंद्रावर नवरा वाट पाहतोय, तिथे पोचलं तरच ते फळणार. यान जोरात नेलं तर अंडी मरतील, म्हणून शिकाऱ्याने हळू न्यायचं कबूल केलंय. आणि यानातलं ते हिरवं गोजिरवाणं पोर, कोणाचं लक्ष नाही पाहून, भांड्याचं झाकण उघडतं आणि एकेक अंडं गट्ट करतं.

नातू खो खो हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. जगभरचे प्रेक्षकही आधी हसले आणि मग बिथरले. एखाद्या आईची शेवटची अंडी खाण्यात विनोद कसला, असा गदारोळ उठला. शेवटी मालिका काढणाऱ्या लुकासफिल्ममधल्या एका माणसाला खुलासा करावा लागला की ती अंडी फळलेली नव्हती, आपण कोंबडीची खातो तशीच ती.

मामाजींपर्यंत हा खुलासा पोचला नव्हता. त्यांनी पेन खाली ठेवलं. “ते पोट्टं तिची बिजाई खाऊन रायलं, अन् तुमी हासून रायले?”

पुढे अंतराळातले गस्तवाले आडवे येतात, कागद मागतात, यान पळतं, बर्फाच्या दरीत आपटून फुटतं. बर्फाखालून कोळ्यांची फौज निघते. ऐन वेळी तेच गस्तवाले येऊन कोळी मारतात. शिकारी म्हणतो, यान तेवढं दुरुस्त करायला हात द्या. ते म्हणतात, तुमच्या यानाचा ओळखसंदेश देणारा डबा दुरुस्त करून घ्या, पुढच्या वेळी गय नाही. आणि उडून जातात.

“पंचनामा झाला,” मामाजी म्हणाले.

एवढंच. फुटकं यान रडतखडत निघालं, आणि शेवटी शेवटी त्या पोराने कुठून तरी लपवलेलं एक अंडं काढून तोंडात टाकलं. नजरअंदाज पंच्याऐंशी जाहीर झाला. इतका आकडा मामाजींनी अंतराळाला कधी दिला नव्हता. पानठेल्यावर एकही हरकत आली नाही. पुढच्या भागांना त्यांनी पंचावन्न, साठ असे आकडे घाईत टाकले. पण डोकं त्या भांड्यातच अडकलेलं. सुधारित निघेना. मी एकदा विचारलं, तर “पीक पाहणी चालू आहे” म्हणाले.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी शेकोटीशी तेच बोलले, न विचारता. 2017 सालचे तुडतुडे पूर्व विदर्भात कोणाला आठवत नाहीत? वरून धान हिरवंगार आणि बुडाशी, पाण्याच्या वर चार बोटं, किडीचा थर. रस शोषला की बांधीत गोल गोल चट्टे जळून जातात, जणू कोणी रात्रीतून आग लावून गेलं. पण मामाजी बोलले ते तुडतुड्यांच्याच, त्याहून जुन्या एका सालाबद्दल. ते नोकरीत होते. दोरी त्यांनीच धरली, धान त्यांनीच झोडलं, काट्यात टाकलं. पारडं बसतच नव्हतं, पाचोळाच जास्त. महिन्याने आकडा आला, बावन्न. गावभर त्याची दवंडी देणारेही तेच, स्वतःच्या जळक्या बांधीवरून जाताना आवाज न उतरवता.

“किलो मी मोजले, गुर्जी. पैसे कोणी मोजले, ते मले माहीत नाई.”

ते कधी बावन्न असायचे, कधी एक्कावन्न, एका साली चोपन्न. कोतवालाने कागदावर आकडा लिहायचा नसतो, नेऊन पोचवायचा असतो. मामाजींच्या पिवळ्या वहीकडे त्यानंतर मला पूर्वीच्या नजरेने पाहता येईना, आणि याचा मला थोडा रागच आला. वैतागायला एक हक्काचा माणूस होता, तोही गेला.

31 डिसेंबरला अंधार पडल्यावर मामाजी कानाला मफलर गुंडाळून दारात उभे. मागे नातू, चेहरा पडलेला.

“अंतिम पैसेवारी,” दवंडीचा आवाज. “बेडकीणबाईवाला भाग. एकोणपन्नास.”

“आबाजी पागल झाले, सर!” नातू उसळला. “पंच्याऐंशी होता तो भाग! हंगामातला सगळ्यात भारी!”

“भारीच होता,” मामाजी म्हणाले. “मी कुठं नाई म्हणून रायलो?”

“मग एकोणपन्नास काहून?”

“पन्नासच्या वर गेलं तर तिले काईच बसत नाई.”

नातवाने कपाळाला हात लावला. आबाजी, पुढच्याच भागात ती पोचली, नवरा भेटला, एक पिल्लूसुद्धा निघालं, तुम्हीच पाहिलं ना.

“एक निघालं. पेरले होते किती?”

यावर इंजिनिअरिंगकडे उत्तर नव्हतं. मामाजींनी ओट्यावर बसून वही माझ्यापुढे सरकवली. शेऱ्याच्या रकान्यात सवलती लिहून द्यायच्या होत्या आणि माझं अक्षर चांगलं. ते सांगत गेले: जमीन महसुलात सूट, कर्जाची वसुली थांबवावी, कृषिपंपाच्या बिलात साडेतेहतीस टक्के.

“तिच्याकडे पंप कुठला, मामाजी?”

“तर ते खोडा. परीक्षा फी माफी लिहा. जगलं ते पोरगं शाळेत जाईन ना जी उद्या.”